हळद काढून झाली, आता रिकाम्या ग्रो बॅगांचं काय करायचं?

सांगलीत गच्चीवर हळद लावणारे आता बरेच झालेत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला वाळून हळद निघाली की ह्या कापडी ग्रो बॅगांचा, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्यांचा, ढीग कोपऱ्यात पडतो. नेमका तोच टाइम उन्हाळी माळवं लावायचा असतो, मग कोण तशाच मातीत भेंडी टोचतंय, कोण सगळ्या बॅगा सरसकट ब्लीचमध्ये बुचकळून ठेवतंय. माझं मत विचाराल तर आधी गेलं पीक कसं गेलं ते बघायचं आणि मग बॅग किती धुवायची ते ठरवायचं. चांगलं निरोगी पीक निघालेल्या बॅगेला ऊन आणि ब्रश एवढं बास होतंय.

हे सगळं त्या काळ्या-राखाडी, घोंगडीसारख्या जाडसर लागणाऱ्या बॅगांबद्दल बरं का, ज्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या जाड कापडाच्या (जिओ फॅब्रिकच्या) असतात. हिरव्या एचडीपीईच्या, म्हणजे गुळगुळीत विणलेल्या प्लास्टिकच्या बॅगांना मातीच चिकटत नाही, पाणी मारून पुसल्या की झालं. आणि गोणपाटाच्या असतील तर त्यांच्यावर मेहनत घेऊच नका, एका सीझनमध्ये त्या कुजायला लागतात, सरळ कंपोस्टमध्ये टाका.

आता पहिलं काम म्हणजे पाणी बंद. हळद काढायच्या आधी चार-पाच दिवस बॅगेला पाणीच द्यायचं नाही. ओली बॅग उपडी केली तर चिखलाचा गोळा निघतो, मुळं कापडात अडकून राहतात आणि मग लोक ती ओढून काढतात, त्यात कापडाची लव निघून ते विरतं. सुकलेली असली की ताडपत्रीवर आडवी पाडायची, बाजूनं थापट्या मारायच्या, गड्डा अख्खा सुटून येतो. कापडात घुसलेली बारीक मुळं तशीच राहू द्या. ह्या बॅगांमध्ये मूळ कडेला आलं की हवा लागून त्याचं टोक तिथंच सुकतं म्हणून तर मुळांचा गुंता होत नाही, आणि ती सुकलेली टोकं नंतर ब्रशनं भुगा होऊन पडतात.

मग बॅग उलटी करायची, म्हणजे आतली बाजू बाहेर, आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकायची. रोज पालथी करा. शिवणीच्या आत आणि हँडलच्या खालच्या पट्टीत बघायला विसरू नका, पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस आणि गोगलगायीची अंडी तिथंच दडलेली असतात. सुकल्यावर कपड्याचा कडक ब्रश किंवा नारळाच्या काथ्यानं खरडायचं. नुसता खराटा मारला तर शिवणीतली माती निघत नाही. आणि हे उघड्यावर, तोंडाला रुमाल बांधून करा, धूळ फार उडते. बऱ्याच बॅगा इथंच स्वच्छ होतात.

उन्हाचं एक आहे, दोन-तीन दिवस म्हणजे दोन-तीनच दिवस. लोक म्हणतात पडू देत उन्हाळाभर, जंतू मरतील. जंतू मरतील पण बॅगपण मरेल, कारण पॉलिप्रॉपिलीनला उन्हातल्या यूव्हीनंच सगळ्यात जास्त मार बसतो. बॅगेत अजून जीव आहे का बघायचं असेल तर वरची कड दोन्ही हाताच्या चिमटीत धरून ओढा. नुसती ताणली तर ठीक, पण चिमटीत भुसा आल्यागत तंतू सुटले किंवा हँडलची शिवण टरकन् उसवली तर ती परत भरू नका. १५ बाय १५ इंचाच्या बॅगेत ४० लिटरच्या आसपास माती बसते, पाणी दिल्यावर ती उचलताना हँडल तुटलं म्हणजे पायावरच.

आता तो पांढरा थर, ज्याला सगळे बुरशी समजून घाबरतात. आपल्याकडं बोअरचं पाणी देणाऱ्यांच्या बॅगेवर तो हमखास असतो, बाहेरच्या बाजूला खालून वीतभर उंचीपर्यंत पट्टा पडलेला. नखानं खरवडा. खरखरीत लागून पापुद्रा निघाला तर क्षार आहेत, कापसासारखं मऊ लागून पुसलं गेलं तर बुरशी. पक्की खात्री पाहिजे असेल तर व्हिनेगरचे चार थेंब टाकून कान जवळ न्या, क्षारात चुना असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि बुडबुडे दिसतात. कापडातून पाणी उडून जातं आणि त्यातलं मीठ-चुना तिथंच बसतं, वरून दिलेल्या रासायनिक खताचे क्षारपण त्यातच. जमीन क्षारपड कशी होते हे वाळवा-मिरज भागातल्या माणसाला शिकवायला नको, तीच भानगड इथं बॅगेत होते. हिरवा थर असेल तर ते शेवाळ, त्यानं काही बिघडत नाही, सुकवून झटकायचं.

क्षारांसाठी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक अॅसिड. नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. टबात तास-अर्धा तास बुडवायची, ब्रशनं घासायची, दोन पाण्यात खळबळायची. थर जुना असेल तर एका धुण्यात सगळा जात नाही, डाग राहिला तर राहू दे, भोकं मोकळी झाली की झालं. बॅग उजेडाकडं धरून पाणी ओता, सगळ्या अंगानं पाझरलं पाहिजे.

साबण घालायचाच असेल तर चमचाभर भांड्याचं लिक्विड पुरे. वॉशिंग मशीनमध्ये अजिबात टाकू नका, ड्रेनमध्ये माती जाऊन बसते आणि मग घरात काय ऐकून घ्यावं लागतं ते तुम्हाला माहितीच. प्रेशर वॉशरनं कापड फाटतं. गच्चीच्या मोरीवर पण नको, टबात धुवा आणि गढूळ पाणी नारळाच्या बुंध्याला ओता.

ब्लीच कधी, तर रोग आलेला असेल तरच. हळदीचे गड्डे मऊ पाणचट होऊन वास मारत होते म्हणजे कंदकुज. टोमॅटो, मिरची पाणी असूनसुद्धा हिरवीच्या हिरवी वाळून गेली म्हणजे मर रोग. अशा बॅगा बाकीच्यांपासून बाजूला काढा. आधी माती पूर्ण झटकून धुवायची, कारण माती असली की ब्लीचची ताकद तिथंच संपते. मग १ भाग घरगुती लिक्विड ब्लीच आणि ९ भाग पाणी, त्यात १० मिनिटं बुडवायची, हातात ग्लोव्ह्ज घालून. नंतर भरपूर पाण्यानं धुवून वास जाईपर्यंत वाळवायची. काळ्या बॅगेचा रंग थोडा उडतो, उडू दे. ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा संडास साफ करायचं अॅसिड एका टबात कधीही आणायचं नाही, त्यातनं क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीत भरतो. दोन्ही करायचं असेल तर एक आज, धुवून वाळवून दुसरं उद्या. ब्लीचचं पाणी झाडांना पण नको.

मुळांच्या गाठींचा विषय वेगळा आहे. वांगं किंवा भेंडी उपटल्यावर मुळं गाठाळलेली दिसली तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्याला न दिसणारे बारीक किडे, पण चवळी-गवारीच्या मुळावरपण गाठी असतात आणि त्या चांगल्या असतात. फरक असा की चवळीची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं अलगद सुटते, फोडली की आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, सोडवायला गेलं तर मूळ तुटतं. तसं असेल तर त्या बॅगेत टोमॅटो, वांगं, मिरची नको आणि भेंडी पण नको, भेंडीला सूत्रकृमी पटकन लागतात. झेंडू लावा, पाडव्याला नाही तर पुढं उपयोगी पडेल.

माती फेकू नका, पण आहे तशी परत भरू पण नका. चाळून घ्या, मुळं आणि हळदीचे राहिलेले तुकडे वेचा. दोन पाट्या जुन्या मातीला एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि बॅगेमागं ओंजळभर निंबोळी पेंड. नदीकाठची काळी माती फुकट मिळते म्हणून घालायचा मोह होतो, पण बॅगेत ती दगडासारखी आवळते. क्षाराची बॅग असेल तर तिच्यातली मातीसुद्धा खारट झालेली असणार, ती वेगळ्या पोत्यात भरून पावसाळ्यापर्यंत उघड्यावर ठेवा, पावसाच्या पाण्यानं निथळू दे. रोगाची माती ओलसर करून वीतभर जाडीची पसरायची, वर पारदर्शक प्लास्टिक टाकून कडा विटांनी दाबायच्या आणि एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे तशीच ठेवायची. काळं प्लास्टिक नको, त्यानं आतली माती तेवढी तापत नाही. नंतर शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी, मिसळून द्या.

होळीची राख कुंड्यांत घालायची पद्धत आहे, पण आपलं पाणी आधीच चुन्याचं आणि राखसुद्धा त्याच जातीची, म्हणून बोअरवाल्यांनी चिमूटभर घातली तरी बास, नाही घातली तर अजून बरं. आणि फाटक्या बॅगा होळीत टाकू नका हो, प्लास्टिक आहे ते. चौकोन कापून कुंडीच्या तळाला भोकावर ठेवा, माती गळत नाही.

भरताना बॅग आधी भिजवून घ्या, कोरड्या कापडात आणि कोरड्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पाणी टाकलं तर ते कडेनं पळून जातं. विटांवर ठेवा, थेट स्लॅबवर ठेवली की तळाची मुळं भाजतात. खाली ताटली ठेवलीत तर त्यात साठलेलं पाणी ओतून टाकत जा, नाहीतर निघालेला क्षार परत वर चढतो. वर उसाचं पाचट अंथरा, सांगलीत ते विकत घ्यायची वेळ येत नाही. चवळी, गवारी, दोडका, काकडी आत्ता टोकायला हरकत नाही, वेलांना १८ इंची बॅग द्या. कापडी बॅग चारी बाजूंनी सुकते त्यामुळं एप्रिल लागला की सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी लागतंयच, आणि दुपारी पान मलूल दिसलं तर लगेच पाईप धरू नका, आधी दोन पेरं बोट मातीत घालून बघा.