एमएसमध्ये गोष्टी लक्षात राहत नाहीत? रोजचं काम असं लावून घ्या

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार म्हटला की लोकांना आधी काठी आठवते. पण एमएस असलेल्या साधारण ४० ते ६५ टक्के लोकांना लक्ष, स्मरण आणि विचार करण्यातही अडचण येते. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. तरी घरात मात्र अजूनही ‘लक्षच नसतं तुझं’ हेच ऐकावं लागतं.

मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब झालं की मेंदूतले निरोप सावकाश पोचतात. त्यामुळे बहुतेकांचा विचारांचा वेग आधी मंदावतो. जुन्या आठवणी, समज, भाषा सहसा शाबूत असतात. ‘विसरलो’ वाटतं ती गोष्ट बरेचदा डोक्यात नीट शिरलेलीच नसते. म्हणून मेहनत घ्यायची ती शिरण्यावर.

सगळं एमएसच्या माथी मारण्याआधी बाकीचं तपासून घ्या: अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड, बी-१२. वारंवार लघवी होण्यावरच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आठवडाभर काय विसरलं, किती वाजता, हे लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि चिन्हांना आकडे जोडायची ९० सेकंदांची चाचणी करता येईल का, विचारा. ती दरवर्षी केली की फरक कळतो. त्रास एकदम एक-दोन दिवसांत वाढला तर मात्र लगेच फोन करा; रिलॅप्स (आजार पुन्हा उसळणं) किंवा इन्फेक्शन असू शकतं.

आता आपल्या नागपूरचं. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दोनला विम्याचा फॉर्म भरायला बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हिशेब, फॉर्म, महत्त्वाचे फोन सकाळी उरकायचे. कूलर हवाच, पण त्याची घरघरही लक्ष खाते. कूलर फुल्ल, टीव्हीवर सिरियल, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘अहो, बर्डीवर जाऊनच राहिले तर गोळ्या, आईंचा चष्मा आणि अर्धा किलो ढेमसं घेऊन या!’ यातलं ढेमसं तेवढं घरी येणार. सांगणाऱ्याने समोर यावं, टीव्ही बंद करावा, एकेक गोष्ट सांगावी. ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवावी आणि लगेच लिहावी.

लिहायला वही एकच. एक खिशात, एक फ्रीजवर, एक मोबाइलमध्ये असं केलं की वही शोधण्यातच दिवस जातो. गोळ्यांना वारांचा डबा, चावीला एकच खुंटी. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसू नका, मोबाइलवर टायमर लावा. मधेच दाराची बेल वाजली तर आधी गॅस बंद, मग दार. गाडी चालवताना ओळखीची वळणं चुकायला लागली, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

नोकरी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हे माहीत असू द्या. प्रमाणपत्र काढून ठेवा आणि साहेबांकडे नेमकं मागा: तोंडी कामाऐवजी ईमेल, मीटिंग सकाळी, बसायची जागा दारापासून लांब.