गंजून गेलेल्या एमजीबीमधून कामाचे भाग कसे काढावेत

इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये एका शेतावरच्या गोठ्यात ती उभी होती, १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश दोन-सीटर स्पोर्ट्स कार. मी दार उघडलं, ते परत लागेना. दाराखालचे सिल इतके सडले होते की गाडीनं मधोमध कंबर टाकली होती. ती रस्त्यावर आणायची म्हणून गेलो होतो. तासाभरानं ठरलं, हिचे भाग काढायचे आणि ते दुसऱ्या दोन-तीन एमजीबींच्या कामी लावायचे.

ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनत होती. जीटी, म्हणजे बंद टपाचं मॉडेल, धरून आकडा पाच लाखांच्या वर जातो, त्यामुळे चांगल्या भागाला गिऱ्हाईक मिळतंच. मात्र हिला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, आणि त्याचा कणा म्हणजे सिल. तो सडला की पुढचा प्रत्येक बोल्ट काढताना गाडी थोडी थोडी खचत जाते. म्हणून इथे ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा.

आधी कागद

गाडी कुणाच्या नावावर आहे ते व्ही-५-सी लॉगबुकवर (ब्रिटनमधल्या गाडीनोंदणीच्या कागदावर) बघा. भाग काढायचे असतील तर ब्रिटनमध्ये गाडी रस्त्याबाहेर असल्याचं डीव्हीएलए या वाहननोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. त्याला सॉर्न म्हणतात. शेवटी उरलेला सांगाडा अधिकृत विल्हेवाट केंद्रातच द्यायचा. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं काढलेली असली तर केंद्र तुमच्याकडून पैसे मागू शकतं, तेवढे हिशेबात धरा. चॅसिस नंबरची पट्टी सांगाड्यासोबतच जाऊ द्या. ती दुसऱ्या गाडीवर ठोकून नवी ओळख तयार करणं हा सरळ गुन्हा आहे.

काय काढायचं, काय सोडायचं

नवशिक्याला वाटतं, सगळंच काढावं. मलाही वाटलं होतं. फेंडरचा एक तुकडा सोडवण्यात माझा अख्खा शनिवार गेला आणि हातात आला तो चाळणी झालेला पत्रा. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज एमजीबीची अख्खी बॉडी नवी बनवून देते. सिल, फ्लोअर, फेंडर सगळं नवं मिळतं. मग जुन्या पत्र्यावर जीव कशाला टाकायचा?

वेळ घालवावा तो ओतीव आणि मूळ भागांवर. १७९८ सीसीचं इंजिन ब्लॉक, हेड, एसयू कंपनीचे जोड कार्बोरेटर, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई), स्मिथ्स कंपनीची मीटरं, विंडस्क्रीनची फ्रेम, सीटचे सांगाडे, दारांच्या आतली यंत्रणा. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारा जास्तीचा गिअर) असेल तर लॉटरीच. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जास्तीचं ओतीव धूड आणि त्यात शिरणारी वायर दिसली की समजा. बॉनेटला लोहचुंबक लावून बघा. सुरुवातीच्या वर्षांत बॉनेट ॲल्युमिनियमचं असे, आणि तसं सापडलं तर ते चादरीत गुंडाळून घरी न्यावं. इंजिन नंबरच्या सुरुवातीची अक्षरंही टिपून ठेवा. १८जी आणि १८जीए म्हणजे तीन बेअरिंगची क्रँकशाफ्ट, १८जीबीपासून पुढे पाच बेअरिंगची. घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो.

गाडी उभी करणं

सिलच्या भोकात जॅक लावू नका. सडलेल्या सिलमधून जॅक वर येतो आणि गाडी खाली. पुढे क्रॉसमेंबरखाली आणि मागे ॲक्सलखाली उचला, मग घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा. उचलण्याआधी दोन्ही दारं उघडून ठेवा. बॉडी दुमडली की दार चौकटीत चिणलं जातं आणि आतलं काही हाती लागत नाही. मी प्रत्येक दाराच्या चौकटीत, पुढच्या-मागच्या खांबांना बोल्ट मारून, लोखंडी अँगलची एकेक आडवी पट्टी टाकली. शंभर रुपयांचं काम म्हणा, पण पुढचे चार दिवस त्या पट्ट्यांच्या जोरावर निभावले.

पातळ पदार्थ

सीटमागच्या झाकणाखाली बॅटरी असते, जुन्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन. ती आधी काढा. मग पेट्रोल. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. टाकी गाडीबाहेर जाऊन लांब ठेवली जाईपर्यंत ग्राइंडर आणि गॅस यांना हात लावायचा नाही. टाकी वरून सडते, बूटच्या (डिकीच्या) फ्लोअरला टेकलेल्या बाजूनं, तेव्हा उतरवताना हलवू नका. कूलंट गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना मारतं. ते उघड्या परातीत ठेवू नका.

ब्रेकच्या ड्रममधली आणि क्लचमधली धूळ हवेनं उडवायची नाही. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

अडकलेले बोल्ट

खरी कुस्ती इथेच. ही इंचांची गाडी आहे. साडेतीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), चार सूत आणि साडेचार सूताचे पाने नव्वद टक्के कामाला पुरतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो म्हणून लावलात तर नटाचे कोपरे गेलेच. रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेटच वापरा.

आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर तेल सोडा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून बाटलीत ठेवलं की उत्तम चालतं; आगीपासून मात्र दूर. मग बोल्ट सोडण्याआधी आधी जरासा आवळा. "कट्" असा आवाज आला की गंजाची पकड सुटली. त्यानंतर पाव फेरा सोडा, परत आवळा, परत सोडा. एकदम ताकद लावणाऱ्याच्या हातात बोल्टचं डोकं येतं, आणि उरलेला भाग ड्रिलनं काढत बसावं लागतं.

दारांच्या बिजागऱ्यांचे मोठे स्क्रू स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाहीत. हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. आणि जिथे नट-बोल्ट नवे स्वस्तात मिळतात, उदाहरणार्थ मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे यू-बोल्ट, तिथे मान राखत बसू नका, सरळ कापा.

आतलं सामान

सीट, गालिचे, स्टीअरिंग झाल्यावर डॅशबोर्ड. ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान दाखवणारं जोड मीटर असेल तर सावध. त्यातून एक बारीक तांब्याची नळी थेट सिलिंडर हेडपर्यंत जाते. ती वायर नाही. आत द्रव भरलेला असतो. नळी कापली की मीटर मेलं. हेडमधला नट फिरवताना नळी सोबत फिरू लागली तर थांबा, नाहीतर ती पिळवटून तुटेल. तेल सोडा, दुसऱ्या दिवशी या. माझ्याकडून एक गेलं आहे, म्हणून इतकं सांगतो.

वायरिंग ठिसूळ असेल तर हार्नेस (वायरींची अख्खी जुडी) वाचवू नका. पण प्रत्येक स्विच आणि मीटरसोबत वीतभर वायर ठेवून कापा. ल्यूकस या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे रंग घेणाऱ्याला वाट दाखवतात: काळी म्हणजे अर्थ, तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली.

डॅशबोर्ड निघाला की विंडस्क्रीनच्या फ्रेमचे बोल्ट दिसतात, दोन्ही टोकांना दोन-दोन. फ्रेम ॲल्युमिनियमची, बोल्ट पोलादाचे. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात. एमजीबीवाल्यांच्या तोंडून सर्वांत जास्त शिव्या या चार बोल्टांनी ऐकल्या असतील. उष्णता, तेल, उष्णता, तेल. घाई केली तर फ्रेमचा पाय मोडतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स

दोन्ही एकत्रच वर काढायचे. गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. रेडिएटर आणि बॉनेट आधी काढा. चेन पुली किंवा भाड्यानं आणलेली इंजिन क्रेन लागेल, आणि एक माणूस गिअरबॉक्सचं शेपूट सांभाळायला. इंजिन जाम असेल तर स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठवडा जाऊ द्या.

पुढचा क्रॉसमेंबर

इथे जिवाला धोका आहे. एमजीबीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये वरचा आर्म म्हणजे डॅम्परचाच (शॉक ॲब्सॉर्बरचाच) दांडा. तो सोडलात तर दाबलेली स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते. म्हणून सुटे भाग काढायचेच नाहीत. ब्रेकच्या नळ्या आणि स्टीअरिंगचा सांधा सोडवा, गाडीचं वजन पुढच्या घोड्यांवरून लाकडी ठोकळ्यांवर घ्या, चार मोठे बोल्ट काढा आणि अख्खा क्रॉसमेंबर खाली उतरवा. स्प्रिंगा नंतर, बाकावर, कॉम्प्रेसर लावून.

तारांची चाकं असतील तर मधल्या मोठ्या नटावर सोडण्याच्या दिशेचा बाण असतो. तो वाचल्याशिवाय हातोडा उचलू नका, दोन बाजूंचे आटे उलटसुलट असतात. हबवरचे दात बोटानं चाचपा. टोकदार झाले असतील तर ते भंगारच, कुणाच्या गळ्यात मारू नका.

गंज उतरवणं

छोट्या पोलादी भागांसाठी प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडाला. रात्रभरात गंज सैल होतो. स्टेनलेस स्टील धन टोकाला लावू नका, विषारी क्रोमियम तयार होतं. ॲल्युमिनियम या पाण्यात बुडवू नका, ते खाल्लं जातं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे अंगणातच. बाहेर काढल्यावर लगेच पुसून तेल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस थर परत येतो.

पिशव्या आणि चिठ्ठ्या

प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा, त्याच भागासोबत पिशवीत. पिशवीवर तारखेऐवजी जागा लिहा: "डावं दार, वरची बिजागरी." कार्बोरेटरच्या आतल्या पिस्टनची जोडी बदलू देऊ नका, पुढचा पुढच्यात, मागचा मागच्यात. सुट्या करण्याआधी फोटो.

शेवटी चाकांशिवाय उरलेला सांगाडा ट्रकवर चढवताना तो दोन भागांत तुटला. ड्रायव्हर म्हणाला, दोन फेऱ्यांचे पैसे पडतील. मग आम्ही दोघांनी मिळून मागचा अर्धा पुढच्या अर्ध्यात बसवला.