बोलता बोलता गाणं: संगीत नाटकातलं पद कसं बसवायचं

संगीत नाटकातलं पद, म्हणजे पात्रानं गायचं गाणं, त्याच्या आधीच्या गद्य वाक्यातच सुरू होतं. मला हे उमगायला गाण्याच्या शिकवणीची सहा वर्षं आणि तालमीची एक अवघड संध्याकाळ लागली. जे पहिल्यांदाच संगीत नाटकात उभे राहणार आहेत, त्यांची ती संध्याकाळ वाचावी म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी प्रयोगकलेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा आम्ही १८८२ सालचं ‘संगीत सौभद्र’ बसवलं आणि त्यात मी सुभद्रा होते. सकाळी बाईंकडे गाणं, संध्याकाळी सहा ते साडेनऊ तालीम, असे अडीच महिने गेले. आता कुणाला शरण जाऊ, असं विचारणारं सुभद्रेचं पद आहे. बाईंसमोर मांडी घालून, डोळे मिटून, तानपुऱ्याच्या आसेत ते पद मी व्यवस्थित गात होते. मग पहिली सलग तालीम आली. दादानं, म्हणजे बलरामानं, दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, मनात अर्जुन आहे, या विचारात मी पदाआधीचं गद्य रडवेल्या, चढ्या आवाजात बोलत गेले. छाती वर उचललेली, दम संपलेला. ऑर्गनवर काकांनी षड्ज, म्हणजे सा, दिला आणि मी त्याच्या वर, कोमल ऋषभाच्या (कोमल रे) आसपास कुठेतरी जाऊन उभी राहिले. तबला सुरू झाला होता. अख्खं ध्रुपद, म्हणजे पदाची सुरुवातीची, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, बेसूर गेलं.

बाई त्या दिवशी तालीम बघायला आल्या होत्या. त्यांनी मला विंगेत नेलं आणि एकच विचारलं, “शेवटचं वाक्य कुठल्या सुरात बोललीस?”

मला उत्तर देता आलं नाही. बोलण्यालाही सूर असतो याकडे मी तोवर लक्षच दिलं नव्हतं.

आधी पट्टी ठरवा

पाठांतराच्या आधी पट्टी, म्हणजे आपला सा कुठल्या सुराला धरायचा ते. जुनी ध्वनिमुद्रणं जरूर ऐका, पण त्यांची पट्टी उचलू नका. संगीत नाटकांच्या सुरुवातीच्या काळात स्त्रीभूमिका पुरुष करत, त्यामुळे सुभद्रेची पदंही पुरुषी गळ्याच्या बेतानं गायली गेली. दुसरी गोष्ट म्हणजे ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. तेवढ्यात गायकानं सगळं दाखवून घेतलेलं असतं, जागा आणि ताना एकावर एक येतात. रंगमंचावर तेच पद पसरून गायला वेळ असतो, आणि त्यातलं काही गाळायचं स्वातंत्र्यही असतं. मी आधी तबकडीतली प्रत्येक हरकत, सुरांचं प्रत्येक छोटं वळण, जशीच्या तशी बसवली होती. बाईंनी त्यातल्या निम्म्या काढायला लावल्या आणि पद मोकळं झालं.

पट्टी ठरवताना पदातला सगळ्यात वरचा सूर चालत, बोलत, दमलेल्या अवस्थेत लागतो का ते बघा. बसून लागतो तेवढं पुरत नाही. मी बसून काळी पाचला, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी सा धरून, आरामात गाते, नाटकात काळी चार घेतली. पुरुष पात्राबरोबर एकाच पदात गायचं असेल तर कसरत होते. आमचा अर्जुन काळी एकमध्ये गातो. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार, म्हणून त्याचा पंचम हा माझा षड्ज धरून मी माझ्या ओळी बसवल्या आणि ऑर्गनला पट्टी बदलावी लागली नाही. चालीत ते बसत नसेल तर मध्यमाला (म) षड्ज धरून बघा. हे काम ऑर्गनवाल्यांबरोबर बसून पहिल्याच आठवड्यात उरका. हालचाली बसल्यावर पट्टी बदलली तर सगळं पुन्हा हलतं.

शेवटचं गद्य वाक्य

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पदाच्या लगेच आधीचं वाक्य वहीत वेगळं लिहून काढा. हार्मोनियमवर किंवा मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर आपल्या पट्टीचा षड्ज चालू ठेवा आणि ते वाक्य अगदी साधं, घरात बोलतो तसं बोला. बाईमाणसाचं सहज बोलणं साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतं आणि काळी चारचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ येतो. म्हणजे शांतपणे बोलताना मी षड्जाच्या शेजारीच असते. भावना चढली की बोलणं पंचमाकडे, कधी त्याच्याही वर सरकतं. वाक्य तिथेच टांगून ठेवलं तर कानात तोच चढा सूर राहतो आणि खालचा षड्ज परका वाटतो. माझं त्या संध्याकाळी नेमकं हेच झालं होतं.

म्हणून वाक्य कुठेही चढू दे, त्याचा शेवटचा शब्द षड्जावर किंवा पंचमावर टेकवायचा. तो गायचा मात्र नाही. बोलण्याचा हेल तसाच राहिला पाहिजे, फक्त उतरण्याची जागा ठरलेली. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं. मी तीन दिवस रोज ते वाक्य वीस-वीस वेळा म्हटलं. पहिल्या दिवशी कीर्तनकाराच्या थाटात येत होतं, दुसऱ्या दिवशी सपाट झालं, तिसऱ्या दिवशी अचानक बोलण्यासारखं वाटलं. तेवढी कळ काढा.

मग श्वास. शेवटच्या शब्दाशी दम संपला तर पुढचा श्वास घाईनं, खांदे उचलून घेतला जातो आणि पहिला सूर ढकलला जातो. वाक्यात एक जागा आधीच शोधा जिथे थोडा श्वास भरून घेता येईल, आणि शेवटी थोडा शिल्लक ठेवा. पदाआधीचा श्वास बरगड्या बाजूला पसरतील असा, आवाज न करता घ्यायचा. नाटक बसवणाऱ्या आमच्या सरांनी यावर एक छान गोष्ट सुचवली. सुभद्रेला प्रश्न ज्या क्षणी सुचतो, तोच श्वास. श्वासाला असं कारण मिळालं की प्रेक्षकांना तो तयारीचा वाटत नाही, विचार वाटतो.

रडण्याबद्दलही सांगायला हवं. खरं रडू आलं की गळा आवळतो आणि आवळलेल्या गळ्यातून सूर स्वच्छ येत नाही. बाई म्हणाल्या, “दुःख शब्दात ठेव, गळ्यात नको.” मी गद्यातल्या ‘दादा’ या एका शब्दावर थांबायला लागले. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानंच हे केलं, हे त्या थांबण्यात येतं. गळा मोकळा राहतो.

शेवटी ऑर्गनवाल्यांशी बोलून घ्या की सूर कुठल्या शब्दावर मिळणार. “वाक्य संपताना द्या” असं मोघम सांगू नका, शब्द ठरवा. आमचे काका शेवटच्या वाक्याच्या दुसऱ्या शब्दापासून अगदी हलका षड्ज धरायचे. प्रेक्षकांना तो जाणवत नसे, मला मात्र पायाखाली जमीन मिळायची.

शब्द तोडू नका

पदाचे शब्द आधी गद्यासारखे मोठ्यानं वाचा. अर्थ लागत नसेल तर सरांना विचारा, जुन्या मराठीतली वाक्यरचना आपल्याला सरावाची नसते. मग पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा करा. श्वास शब्दाच्या मध्ये कधीही नको. ‘शरण’ लांबवताना मी ‘श’ नंतर श्वास घेत होते. समोर बसलेल्याला ऐकू काय येणार? रण. जी मुलगी आसरा मागतेय तिच्या तोंडी युद्ध. एक अक्षर, पण सगळा अर्थ उलटा.

लांबवायचं ते स्वरावर, म्हणजे आकारावर, ईकारावर. व्यंजन मात्र ठाशीव आणि चटकन. ‘ळ’ आणि ‘ण’ गाताना ‘ल’ आणि ‘न’ होतात, त्यावर लक्ष असू द्या. तान किंवा आलाप घ्यायचा तर शब्द पूर्ण करून घ्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ओळ कळली, की मग तुम्ही तिच्याशी खेळा.

चालताना गाणं

क्लासमध्ये हात मांडीवर ताल धरतो. रंगमंचावर तो हात पात्राचा असतो. माझा उजवा हात बरेच दिवस पदरामागे गुपचूप मात्रा मोजत होता, सरांनी दाखवलं तेव्हा कळलं. ताल शरीरात आत कुठेतरी धरायला शिकायचं. मला पायाच्या अंगठ्यानं मदत केली, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, नुसता दाबायचा. हळूहळू त्याचीही गरज उरली नाही.

क्रम असा ठेवा: पद बसून पक्कं करा, मग नुसते शब्द बोलत हालचाली करा, मग दोन्ही एकत्र. एकदम जोडू नका. पावलं ठेक्यात पडायला लागली तर लगेच थांबा, कारण चिंतेत असलेली मुलगी केरवा तालात चालत नाही. मोठी हालचाल ध्रुपद आणि अंतऱ्याच्या, म्हणजे पुढच्या कडव्याच्या, मधल्या जागेत, तबला-ऑर्गन वाजत असताना करा. लांब सूर धरलेला असताना स्थिर उभं राहा. पाठ प्रेक्षकांकडे करून गाऊ नका, माइक पुढे असतो आणि शब्द मागे विरून जातात.

दुसऱ्याचं पद चालू असतानाही तुमचं काम चालूच असतं. चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहणं फार अवघड. प्रत्येक पदात एक शब्द निवडा, ज्यानं तुमच्या पात्राला काही होतं, आणि त्या शब्दाची वाट बघत ऐका. चेहरा आपोआप जिवंत राहतो.

आवाज वाचवणं

रोजच्या तालमीत पूर्ण आवाजात गायलात तर प्रयोगापर्यंत आवाज बसतो. माझा पाचव्या आठवड्यात बसला. तेव्हापासून हालचालींच्या तालमीत मी अर्ध्या आवाजात, वरच्या जागा खालच्या सप्तकात घेऊन गायला लागले. शब्द आणि लय मात्र पूर्ण. साथीदारांना आधी सांगून ठेवायचं.

आवाज बसला की लोक कुजबुजत बोलतात. कुजबुजण्यानंही ताण येतो, त्यापेक्षा गप्प राहा. खाकरणं टाळा, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी आवंढा गिळा किंवा घोटभर पाणी प्या. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते शरीरात मुरून मग तिथे पोचतं, म्हणून विंगेत ऐन वेळी घटाघटा पिण्यानं फारसं काही साधत नाही. तालमीआधी दहा मिनिटं पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून, बुडबुडे काढत, तोंडातल्या तोंडात सूर खालून वर आणि वरून खाली फिरवा. गळ्यावर ताण न येता आवाज गरम होतो. दोन-तीन आठवडे खरखर गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

नऊवारी आणि गंगावन

रंगीत तालमीची वाट बघू नका. निदान पंधरा दिवस आधी नऊवारी नेसून गा. नेसवणाऱ्या ताईंना सांगून पूर्ण श्वास भरा आणि मग गाठ बांधून घ्या, कंबरपट्टाही तसाच. मी पहिल्यांदा रिकाम्या पोटी, पोट आत घेऊन नेसले आणि बरगड्यांना पसरायला जागाच राहिली नाही. गंगावन (खोटे केस), फुलं आणि मोठी कर्णफुलं यांनी कान अर्धे झाकले जातात, ऑर्गन लांब गेल्यासारखा वाटतो. आम्ही माझ्या डाव्या कानावरची फुलं मागे सरकवली, कारण साथीदार डाव्या बाजूला बसत होते. एवढ्याशा बदलानं सूर परत ऐकू यायला लागला.

वन्स मोअरचीही तालीम करा. मिळेल न मिळेल, पण मिळाला तर ध्रुपदापासून घ्यायचं की अंतऱ्यापासून, हे तुम्हाला, तबल्याला आणि ऑर्गनला एकच माहीत हवं. टाळ्या पडत असताना पात्रातच राहा, वाकून नमस्कार करू नका. आमचं ठरलं होतं: मी पदर सारखा केला की काका षड्ज देणार, आणि मी शेवटचं गद्य वाक्य पुन्हा बोलून अंतरा उचलणार. दुसऱ्या प्रयोगाला ते करायची वेळ आली. वाक्य षड्जावर टेकलं, तबला समेवर आला आणि मी मागच्या वेळेपेक्षा शांतपणे गायले.

प्रयोग संपल्यावर मेकअप उतरवता उतरवता पाच मिनिटं ओठ मिटून हलका हुंकार वरून खाली आणत राहा. मग गप्पा. आणि झोपण्याआधी वहीत त्या दिवशी निसटलेली जागा लिहून ठेवा, म्हणजे सकाळी बाईंकडे तिथूनच सुरुवात करता येते.