पुठ्ठ्याचे लंबकाचे घड्याळ: वजन वाढवण्याआधी या चुका टाळा

जाड पुठ्ठा, सायकलच्या चाकाची तार, रिकाम्या रिफिली आणि चक्रे फिरवण्यासाठी दोऱ्याला टांगलेले वजन एवढ्या सामानातून लंबकाचे घड्याळ घरी तयार होते. मात्र ते दोन-तीन मिनिटांत थांबले की बहुतेक जण सर्वात आधी वजन वाढवतात, आणि ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. जादा वजनाने आस वाकते, पुठ्ठ्याचे दाते चेपतात आणि लंबकाचा झोका मोठा होतो. झोका मध्यापासून दोन्ही बाजूंना १० अंशांपर्यंत गेला, तर लहान झोक्याच्या तुलनेत घड्याळ दिवसाला सुमारे पावणेतीन मिनिटे मागे पडते. तोच ३ अंशांवर ठेवल्यास ही तूट साधारण १५ सेकंदांवर येते.

म्हणून आधी घड्याळ नेमके कोठे अडते ते पाहावे. एस्केप व्हीलच्या, म्हणजे लंबकाच्या झोक्यागणिक थोडे थोडे पुढे सरकणाऱ्या दातेरी चक्राच्या, एका दात्यावर पेन्सिलने खूण करून ते चार-पाच वेळा थांबू द्यावे. दर वेळी तोच दाता अडकत असेल, तर तो दाता वाकडा आहे किंवा मधले भोक केंद्रापासून सरकले आहे. कात्रीच्या टोकाने पाडलेले भोक हमखास सरकते, तेव्हा कर्कटकाच्या टोकाने पडलेली खूणच सुईने हळूहळू मोठी करावी. थांबण्याची जागा दर वेळी वेगळी असेल, तर दोष घर्षणाचा समजावा. अशा वेळी तेल अजिबात घालू नये, कारण पुठ्ठा ते शोषून घेतो. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते.

आवाजही ऐकावा. 'टिक' आणि 'टॉक' यांमधील अंतर सारखे नसेल, तर लंबक सरळ लोंबत असताना पॅलेट (एस्केप व्हीलचे दाते आळीपाळीने अडवणारा आणि सोडणारा दुहेरी आकडा) एका बाजूला झुकलेले असते आणि तेवढेच थोडे वळवावे लागते. चौकट टेबलावर नुसती उभी केली असेल, तर लंबकाबरोबर तीही डोलते आणि झोक्याची शक्ती खाते. ती भिंतीला स्क्रूने पक्की करणेच बरे.

खोक्याचा नालीदार पुठ्ठा दात्यांसाठी निरुपयोगी आहे. पुस्तकबांधणीचा पुठ्ठा चालतो, पण कोकणातल्या पावसाळ्यात तोही दमट होऊन वाकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना आणि कडांनाही पॉलिश द्यावे. एकाच बाजूला दिल्यास चक्र हमखास पत्रावळीसारखे वळते.

वेळ जुळवताना लंबकाच्या टोकाचा गोळा जड-हलका करून काही साधत नाही, कारण लंबकाचा वेग त्याच्या लांबीवर ठरतो. एका बाजूचा झोका एका सेकंदात पूर्ण व्हावा यासाठी टांगणीपासून गुरुत्वमध्यापर्यंत सुमारे ९९.४ सेंटिमीटर अंतर लागते, आणि तेथे १ मिलिमीटरचा फरक दिवसाला सुमारे ४३ सेकंदांचा पडतो. घड्याळ मागे पडत असेल तर गोळ्याखालचा नट फिरवून गोळा वर घ्यावा, आणि पुढचा बदल पूर्ण एक दिवस मोजल्यावरच करावा.