पॉलिप काढल्यानंतर रक्तातील साखर घसरू नये म्हणून या चुका टाळा

दुर्बिणीतून आतड्यातील पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब, काढणे ही आता बहुतेक ठिकाणी एका दिवसात उरकणारी प्रक्रिया आहे. पोटावर छेद नसतो, टाके नसतात आणि रुग्ण अनेकदा त्याच दिवशी घरी जातो. या सुटसुटीतपणामुळेच मधुमेही रुग्णाच्या बाबतीत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीच्या) तयारीसाठी त्याने आदल्या दिवसापासून जवळजवळ काहीही खाल्लेले नसते. पॉलिप काढल्यावरही काही तास, आणि पॉलिप मोठा असेल तर आणखी एखाद-दोन दिवस, त्याला पातळ किंवा मऊ आहारावर ठेवले जाते. मात्र साखर उतरवणाऱ्या औषधांचा परिणाम शरीरात चालूच राहतो. एरवी उपासाच्या काळात यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडून वेळ निभावून नेते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसात यकृताचे हे काम औषधामुळेच दबलेले असते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की ती कमी समजावी. ५४ च्या खाली गेल्यास मेंदूला पुरेसे इंधन मिळत नाही आणि गोंधळ, झटके किंवा बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते.

वयस्कर, कृश, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले आणि पूर्वी कधी साखर अचानक घसरलेले रुग्ण यांना धोका अधिक असतो. मधुमेह नसलेल्यांत असे क्वचितच घडते.

‘उद्या उपाशी या’ एवढीच सूचना घेऊन घरी जाणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. दुर्बीण विभाग उपाशी राहण्याची वेळ सांगतो, मधुमेहाचे डॉक्टर नेहमीची औषधे लिहून देतात, आणि या दोहोंचा मेळ घालण्याचे काम नकळत रुग्णावर येऊन पडते. तारीख ठरते त्याच दिवशी कोणते औषध केव्हा घ्यायचे, कोणते किती कमी करायचे आणि कोणते कधी पुन्हा सुरू करायचे, हे कागदावर लिहून मागावे. मधुमेही रुग्णाने सकाळची पहिली वेळ मागितली तर उपासाचे तास कमी होतात आणि बहुतेक ठिकाणी ही विनंती मान्यही होते.

नुसते ‘साखरेची गोळी घेतो’ असे सांगणे पुरेसे नाही, कारण सगळ्या गोळ्यांचा धोका सारखा नसतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यामुळे उपासात साखर घसरवणाऱ्या गोळ्यांत त्यांचा क्रमांक वरचा आहे. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिन एकट्याने घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीवर उतरत नाही. अडचण अशी, की आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत असलेली औषधे फार वापरली जातात, काहींत व्होग्लिबोजही असते, आणि ‘मी तर फक्त मेटफॉर्मिन घेतो’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या पाकिटावर तीन घटक छापलेले आढळतात. म्हणून औषधांची पाकिटेच डॉक्टरांना दाखवावीत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. उपासात त्यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक कीटोन आम्ले साचू शकतात, त्यामुळे नियोजित प्रक्रियेच्या साधारण तीन दिवस आधी त्या थांबवण्यास सांगितले जाते.

इन्सुलिनच्या बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका होतात. कोणी जेवण नसतानाही नेहमीचे पूर्ण युनिट टोचतो, तर कोणी घाबरून सगळेच बंद करतो. जेवणाआधी घ्यायचे जलद इन्सुलिन जेवणच नसेल तर सामान्यतः वगळले जाते. दिवसभर पुरणारे मूळ इन्सुलिन थोडे कमी करून चालू ठेवले जाते. आणि आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ३०/७० मिश्रण (जलद आणि मंद इन्सुलिन एकत्र) सकाळी बहुधा निम्म्यावर आणले जाते. नेमके प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. मात्र टाइप १ मधुमेह असलेल्याने मूळ इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करू नये, कारण त्याला काही तासांतच कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन आम्ले साचण्याची जीवघेणी अवस्था, होऊ शकतो.

बदल फक्त प्रक्रियेच्या सकाळपासून करायचा, हा समजही चुकीचा आहे. पातळ आहार आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो. रात्रीचे जेवण नाही, पण रात्रीची ग्लिमेपिराइड किंवा मिश्र इन्सुलिन ठरल्याप्रमाणे घेतले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे, रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच साखर उतरलेली असते.

साखर टाळायची सवय त्या दिवशीही पाळणे

वर्षानुवर्षे गोड वर्ज्य केलेला माणूस तयारीच्या दिवशी साधे पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा पिऊन दिवस काढतो. आतडे रिकामे करण्यासाठी दिलेल्या जुलाबाच्या औषधाच्या पाण्यातून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटले तरी शरीराला इंधन मिळालेले नसते. या एका दिवसापुरते साखर असलेले गाळीव द्रव थोड्या थोड्या वेळाने घेणे आवश्यक असते: गाळलेले लिंबू सरबत, सफरचंदाचा गाळलेला रस, साखर घातलेला कोरा चहा, नारळपाणी. दूध आणि ताक चालत नाही. कोकम सरबत, बीट किंवा डाळिंबाचा रस टाळावा, कारण त्यांचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसून तपासणारा फसू शकतो. गुंगीच्या औषधापूर्वी द्रव केव्हा थांबवायचे, याची रुग्णालयाने दिलेली वेळ काटेकोरपणे पाळावी. त्यानंतर साखर घसरलीच, तर प्रक्रिया रद्द होईल या भीतीने गप्प बसू नये. ताबडतोब फोन करावा किंवा पोहोचताच सांगावे. तेवढ्यात साखर ७० च्या खाली दिसत असेल, तर ग्लुकोजचे पाणी घ्यावे आणि किती वाजता, किती घेतले ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे.

प्रक्रियेनंतर ‘सलाईन लावले आहे, आता काळजी नाही’ असे नातेवाईक समजतात. साध्या सलाईनमध्ये आणि रिंगर लॅक्टेटमध्ये साखर नसते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ज्याला बराच वेळ काही खायचे नाही आणि ज्याने इन्सुलिन घेतलेले आहे, त्याच्या बाटलीत काय आहे हे परिचारिकेला विचारण्यात संकोच करू नये.

गुंगीला नुसती गुंगी समजणे

थरथर, घाम, धडधड, एकाएकी लागलेली भूक, चिडचिड ही साखर उतरल्याची नेहमीची लक्षणे आहेत. गुंगीसाठी मिडाझोलम, फेंटानिल किंवा प्रोपोफोल दिलेला रुग्ण यांपैकी काहीच नीट सांगू शकत नाही, आणि त्याची झोप औषधाची आहे की साखरेची, हे पाहून ओळखता येत नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर दबते. घाम मात्र सुटतो, म्हणून ओलसर, गार कपाळाकडे लक्ष द्यावे. खात्रीचा मार्ग बोटातून रक्त घेऊन मोजण्याचाच आहे. पोहोचल्यावर, प्रक्रियेपूर्वी, प्रक्रिया संपल्यावर आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत खाणे सुरू होईपर्यंत ठरावीक अंतराने साखर मोजली जावी. बोट आधी धुऊन कोरडे करावे. बोटाला फळाचा रस किंवा ग्लुकोज लागलेले असेल तर यंत्र खोटा, जास्त आकडा दाखवते आणि खरी घसरण नजरेतून सुटते.

घरी गेल्यावर जुने वेळापत्रक लगेच सुरू करणे

जास्त सावधगिरी हवी ती या पहिल्या संध्याकाळी आणि रात्री. रुग्ण दमलेला असतो, पोटात वायू धरलेला असतो, दोन घास मऊ भात खाऊन तो झोपतो. पण ‘सकाळची गोळी राहिली’ म्हणून घरचे ती रात्रीच्या गोळीसोबत देतात. चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट औषध कधीही देऊ नये. औषध घड्याळाकडे पाहून न देता ताटाकडे पाहून द्यावे: पेज, मऊ वरण-भात किंवा खिचडी नेहमीच्या प्रमाणात पोटात जाऊन टिकते आहे, हे दिसल्यावरच नेहमीच्या मात्रेकडे परतावे. जेवण किती जाईल याची खात्री नसेल, तर जलद इन्सुलिन जेवणानंतर लगेच घेता येईल का, हे डिस्चार्जपूर्वीच विचारून ठेवावे. त्या रात्री झोपण्यापूर्वी साखर मोजावी, आणि इन्सुलिन घेणाऱ्याची मध्यरात्रीनंतरही एकदा मोजावी. एकट्या राहणाऱ्या रुग्णाजवळ त्या रात्री कोणीतरी असावे. गुंगीच्या औषधामुळे चोवीस तास वाहन चालवायचे नसतेच.

साखर घसरल्यावर चुकीचा उपाय करणे

रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम जलद साखर द्यावी: ग्लुकोज पावडरचे किंवा साखरेचे तीन-चार लहान चमचे पाण्यात विरघळवून, अथवा साधारण १५० मिलिलिटर फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि साखर अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. पेढा किंवा चॉकलेट हाताशी असले तरी ते पहिला उपाय म्हणून देऊ नये, कारण त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याला घरची साखरही लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारी आतड्यातली यंत्रणाच या औषधांनी रोखलेली असते. अशा घरात ग्लुकोज पावडर आणून ठेवलीच पाहिजे. आकडा सावरल्यावर, परवानगी असेल तो आहार थोडा द्यावा.

रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरात असेल तर द्यावे, पण ते यकृतातील साठ्यावर अवलंबून असते आणि दीर्घ उपासाने तो साठा संपत आलेला असल्यास त्याचा परिणाम अपुरा पडतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे उतरलेली साखर एकदा सावरून काही तासांनी पुन्हा घसरू शकते, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असेल तर. अशा रुग्णाला ‘आता बरा आहे’ म्हणून लगेच घरी न नेता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे योग्य.

प्रत्येक भोवळ साखरेच्या खात्यावर टाकणे

घाम, फिकटपणा आणि चक्कर ही लक्षणे पॉलिप काढलेल्या जागेतून रक्तस्राव झाल्यावरही दिसतात, आणि असा रक्तस्राव पहिल्या दोन आठवड्यांत कधीही होऊ शकतो. म्हणून साखर प्रथम मोजावी. पण आकडा नीट असूनही चक्कर टिकली, शौचावाटे ताजे रक्त किंवा गाठी पडल्या, पोट कडक होऊन वेदना वाढत गेल्या किंवा ताप आला, तर गोड पाणी देत घरी वाट पाहू नये. ज्या रुग्णालयात पॉलिप काढला तेथे तत्काळ कळवून निघावे, आणि निघताना घेतलेल्या औषधांची पाकिटे व साखरेच्या नोंदींचा कागद सोबत ठेवावा.