शेती मॅनेजरची अप्रेंटिसशिप करताय? या चुका टाळा

आमच्या जालना-अंबड भागात मोसंबीच्या मोठ्या बागा आहेत आणि बरेच मालक आता संभाजीनगर नाहीतर पुण्याला राहतात, म्हणून रान सांभाळायला मॅनेजर लागतो. ॲग्री डिप्लोमा, बीएस्सी झालेली पोरं त्यासाठी शिकायला येतात. मी पण असाच शिकलो, आता माझ्या हाताखाली पोरं आहेत, आणि बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. काम सांगितलं, केलं, वहीत लिहिलं, पण ते झालं का हे बघायचं राहून जातं.

ठिबकचंच घ्या. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज लिहायचो, "प्लॉट २, पाणी ३ तास". मोटार खरंच ३ तास चालायची. पंधरा दिवसांनी मालकांचे चुलते आप्पा मला शेवटच्या ओळीत घेऊन गेले, तिथं पानं वळलेली आणि बारीक फळांचा खाली सडा पडलेला. आप्पा काहीच बोलले नाहीत, औषधाचं माप ड्रिपरखाली धरलं आणि घड्याळ बघत बसले. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून मिनिटाला ६५-६७ मिली पडायला पाहिजे, पडलं २०. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीच्या, टोकाची टोपी काढली तर चहासारखं पाणी आलं. ती झाडं माझ्या वहीत रोज पाणी पीत होती.

म्हणून तास लिहू नका, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरचं माप लिहा. आठवड्यातून एकदा लॅटरलची टोकं सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक वाढला म्हणजे फिल्टर चोक झालाय. पांढरा क्षार बसला असेल तर ॲसिड ट्रीटमेंट लागते, ती एकट्यानं करायची नाही, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

दुसरी चूक पेरणीची घाई. मृगाचा एक पाऊस झाला, शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घातला की पोरांना दम निघत नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, दुबार पेरणीचा खर्च मालक विसरत नाही. घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, ७० उगवले तर ठीक, कमी उगवले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवा.

माणसांच्या बाबतीत तर जास्तच जपा. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, त्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, त्याच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा, वर्षाच्या शेवटी भांडणं होतात ती इथंच. वीस वर्षं खुरपं धरलेल्या मावशींना मोबाईलमध्ये बघून निंदणी शिकवू नका, आधी दोन दिवस त्यांच्या बरोबर बसून करा. गुत्त्यानं, म्हणजे ठरलेल्या एकरकमी पैशात, दिलेलं काम लवकर उरकतं, पण मागं गवत मुळासकट निघालं का हे त्याच दिवशी बघा, पैसे दिल्यावर बघून उपयोग नाही.

कागद पण बघा. अप्रेंटिस ॲक्ट १९६१ चा आहे, त्यात करार आणि स्टायपेंड दोन्ही आहे, त्यामुळं करार रजिस्टर झालाय का हे पहिल्याच आठवड्यात विचारायला लाजू नका.

आणि अर्ध्यात सोडून जाऊ नका. जूनला येतात, सोयाबीन निघालं की दिवाळीला गावाकडं जातात ते परत येत नाहीत. मग आंबे बहाराचा ताण, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत मोसंबीला फुलं यावीत म्हणून आधी झाडाचं पाणी तोडणं, बघायलाच मिळत नाही, आणि मोसंबीत मॅनेजरची खरी परीक्षा तिथंच असते. डिसेंबरात पाणी तोडायचं, रोज बागेत फिरायचं, साधारण पाव पानं पिवळी होऊन गळाली की ताण बसला. मग खतं देऊन आधी आंबवणीचं हलकं पाणी, नंतर चिंबवणी, म्हणजे त्याच्या पुढचं पाणी. एकदम भरपूर पाणी सोडलं तर फुलं कमी आणि नुसती पालवी फुटते. निदान एक बहार तरी ताणापासून माल गाडीत भरेपर्यंत बघा, मगच दुसरीकडं जायचा विचार करा.