डॉक्टर लातूरला, समुपदेशक तालुक्याला: लिथियम चालू असेल तर

लिथियम हे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध. रुग्णाची लेखी संमती घेऊन डॉक्टर आणि समुपदेशक या दोघांनी पहिल्याच आठवड्यात एकमेकांचे नंबर घ्यावेत. डॉक्टर महिन्याने बघतात. चहाचा कप धरताना रुग्णाच्या हाताची वाढलेली थरथर आधी समुपदेशकालाच दिसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर फार जपायचं. घाम, जुलाब, अचानक मीठ तोडणं, किंवा अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, या सगळ्यानं रक्तातलं लिथियम वाढतं. ते फार वाढल्याची लक्षणं, म्हणजे उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. लागला नाही तर थेट जिल्हा रुग्णालय. डोस समुपदेशकाने ठरवू नये. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. सकाळची गोळी आधी घेतली की आकडा फसवा येतो, हे रुग्णाच्या घरच्यांनाही सांगून ठेवावं.